बियाण्यातली ठेव

बँकेत असताना पीककर्जाचे अर्ज मी वर्षानुवर्षे तपासले. बियाणे म्हणजे खर्चाची एक रक्कम, एवढीच माझी समज. ती किती अपुरी होती, हे निवृत्तीनंतर कळले.

चीनमधल्या झेजियांग प्रांतात एकाच वाणाचा भात कुठे रोगाला बळी पडे, कुठे तग धरी. वाण तोच, मग फरक कशाचा? २०२१ साली 'नेचर प्लांट्स'मध्ये संशोधकांनी उत्तर दिले. तगणाऱ्या भाताच्या दाण्यात स्फिंगोमोनास मेलोनिस हा जिवाणू वस्तीला होता. तो अँथ्रॅनिलिक आम्ल तयार करतो आणि रोपे करपवणाऱ्या जिवाणूचे विष बनण्यातच त्यामुळे अडथळा येतो. शिवाय हा राखणदार बियाण्यातून पुढच्या पिढीकडे जातो. आमच्या भाषेत, वडिलोपार्जित ठेवच!

कणगीत बी राखणाऱ्या आजीला जिवाणू ठाऊक नव्हते. निरोगी पिकाचेच बी धरावे, हे मात्र ठाऊक होते.

बीजप्रक्रियेची औषधे टाकून द्या, असे मी म्हणत नाही. पण ती सरसकट चोळण्यापूर्वी दाण्यात कोण राहते, याची चौकशी आपल्या कृषी विद्यापीठांनी जरूर करावी. शिल्लक न पाहता कुणाचे खाते आम्ही कधी बंद केले नाही.