वाघ, शेरडं आणि आपला प्रोजेक्ट

रात्री मेसमध्ये घरून फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आप्पा कुठंयत?" आई म्हणाली "हे काय, जेवतायत" की मी निवांत. पण "रानात गेलेत, दारं धरायला" असं म्हणाली की पुढची पोळी घशाखाली उतरत नाही. आमच्याकडे, म्हणजे शिरूर तालुक्यातल्या केंदूरला, शेतीच्या मोटारीची तीन फेज लाईट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. रात्रीची पाळी असली की माणूस बॅटरी आणि काठी घेऊन एकटा वाफ्यात उभा. आणि आजूबाजूला वाघ.

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. माझा रूम पार्टनर मुंबईचा. त्याला वाटतं, केंदूर म्हणजे घनदाट जंगल असणार! अरे बाबा, जंगल कसलं, माळरान आहे. वेळ नदी पावसाळ्यापुरती, ज्वारी-बाजरी, कांदा, आणि पाण्यासाठी वर्षानुवर्षांचं भांडण. पण उत्तरेला जुन्नर-आंबेगावकडे कुकडी प्रकल्पाचे कालवे आले, खाली घोड नदीच्या काठानं ऊस वाढला. ऊस बारा ते अठरा महिने रानात उभा असतो. आत गारवा, पाणी जवळ, माणसाची ये-जा नाही. बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला याहून चांगली जागा कुठली? ऊसतोडीच्या वेळी सापडतात ती पिल्लं उसातच जन्मलेली. त्यांच्या दृष्टीनं जंगल म्हणजे ऊसच.

हे सगळं आत्ताच का लिहितोय? कारण २०२५ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर आमच्या तालुक्यातला कुणी विसरणार नाही. पिंपरखेड-जांबूत भागात वीसेक दिवसांत तीन बळी गेले. दोन लहान मुलं आणि एक म्हातारी. लोक पुणे-नाशिक रस्त्यावर बसले, शेवटी वनखात्यानं तो बिबट्या गोळी घालून मारला. त्याच दिवसांत पिंपरखेडच्या बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाताना दिसल्या. मेंढपाळ आपल्या कुत्र्याच्या गळ्यात असा पट्टा घालतात, वाघानं नरडं धरू नये म्हणून. तो पट्टा माणसाच्या गळ्यात आला, मित्रांनो! ज्या घरातलं पोर गेलं त्या घरापुढे उभं राहून "सहजीवन शिका" असं म्हणण्याची माझी तरी छाती नाही. माणसावर हल्ला करणारा बिबट्या तिथून काढलाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. बिबट्या नुसता दिसला, एखादी शेळी उचलली, की गावातून पहिली मागणी येते, "पिंजरा लावा आणि लांब नेऊन सोडा." मी पण हेच म्हणायचो. पण हा प्रयोग आपल्याच भागात होऊन गेलाय आणि त्याचा निकालही लागलाय, हे आपल्याला माहीत नसतं.

जुन्नर वनविभागात २००१ नंतर बिबटे मोठ्या संख्येनं पकडून दुसरीकडे सोडले गेले. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. पकडलेल्या बिबट्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवायची, म्हणजे तोच पुन्हा सापडला तर ओळखता येतो. प्राण्यांचे डॉक्टर अनिरुद्ध बेलसरे या कामात होते. निष्कर्ष काय निघाला? १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. बिबटे उचलून सोडायला लागल्यावर ती सरासरी सतरावर गेली! आणि हल्ले जिथे बिबटे नेऊन सोडले त्या भागाच्या आसपास जास्त. २०११ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

थोडा विचार केला तर कारण पटतं. अनोळखी मुलखात सोडलेलं, पिंजऱ्यात दात-नखं मोडून घेतलेलं, घाबरलेलं जनावर माणसात जास्त धोक्याचं. शिवाय ते मूळ जागी परतायला बघतं. आणि इकडे रिकाम्या झालेल्या जागेत नवा तरणा बिबट्या येऊन बसतो. म्हणजे आपण दुखणं शेजारच्या तालुक्यात ढकललं आणि घरी नवीन आणलं.

'आजोबा' हा सिनेमा बऱ्याच जणांनी पाहिला असेल. ती गोष्ट खरी आहे. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला म्हातारा बिबट्या काढला, गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडला. पठ्ठ्या सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापाशी पोचला. वाटेत एकाही माणसाला त्यानं हात लावला नाही. शेवटी २०११ साली हायवेवर गाडीखाली गेला.

दुसरा अभ्यास नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातला. तिथेही जंगल नाही, ऊस आणि वस्त्या, चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं. तिथे कॅमेरे लावून मोजणी केली तर शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच मोठे बिबटे निघाले. ते खातात काय हे शोधायला विष्ठा गोळा केली. विष्ठेत न पचलेले केस असतात, ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून जनावर ओळखायचं. (आपल्याला लॅबमध्ये तारेचा व्यास तीनदा मोजायचा कंटाळा येतो, इथे लोक वाळलेली विष्ठा धुवून केस मोजत होते!) उत्तर असं आलं की बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के. शेळ्यांचा फक्त ११ टक्के. आणि गंमत म्हणजे त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या.

मग शेळी वाचली कशी? दिवसा राखणीला माणूस असतो आणि रात्री ती गोठ्यात बंद असते. कुत्रं मात्र उकिरड्यावर मोकळं. एवढंच!

आमच्या घरी शेरडांचं मोल काय ते मला विचारा. माझ्या पहिल्या वर्षाची होस्टेलची अनामत दोन बोकड विकून भरली. रात्रीतून दोन शेळ्या गेल्या तर कुणाची तरी फी गेली. पुन्हा पंचनामा, फोटो, कागद. आणि दरवेळी वाघच असतो असंही नाही. बिबट्या बहुतेक वेळा नरडं धरतो, सुळ्यांच्या खोल खुणा गळ्यावर दिसतात. मोकाट कुत्री मागच्या पायांना, पुठ्ठ्याला लचके तोडतात. डॉक्टर येऊन नीट बघेल तेव्हाच खरं कळणार. चूक निदान झालं तर पिंजरा वाघाला लागतो आणि कुत्री पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर.

आता आपल्याकडे वळतो. बिबट्याच्या बातम्या आल्यापासून आपल्या कॉलेजात या विषयावर प्रोजेक्ट करायची टूम निघाली आहे. सेन्सर लावून भोंगा वाजवणारं यंत्र, बिबट्या ओळखणारा कॅमेरा, मोबाईलवर मेसेज. चांगलं आहे, मी नावं ठेवत नाही. पण व्हायव्हात एक प्रश्न कुणी विचारत नाही. भोंगा वाजला की आप्पांनी काय करायचं? रात्री एक वाजता वाफ्यात पाणी चालू, दोन्ही पाय चिखलात, आणि मोबाईलवर मेसेज, "बिबट्या जवळ आहे." ते त्यांना आधीपासूनच माहीत आहे हो! त्यांना पाणी दिवसा द्यायचंय.

मला वाटतं, इंजिनिअरिंगचं खरं काम इथे दोन जागी आहे, आणि दोन्ही दिसायला साधी आहेत. पहिलं, गोठ्याचं दार. चारी बाजूंनी जाळी, वर पत्रा, बाहेरून पक्की कडी. केंदूरच्या शेजारी पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. वेल्डिंग, सुतारकाम, शेती करता करता मुलांनी शिकावं ही त्यामागची कल्पना. स्वस्तात, घडी होणारा, मेंढपाळाला घोड्यावर लादून नेता येईल असा जाळीचा वाडा करून दाखवा, तो माझ्या मते ए ग्रेडचा प्रोजेक्ट आहे. दुसरं, दिवसाची लाईट. २०१७ पासून राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे, फीडरवर सौर वीज देऊन शेतीला दिवसा पुरवठा करायचा तिचा उद्देश. इलेक्ट्रिकलवाल्यांनो, एका फीडरचा अभ्यास घ्या. किती मोटारी, किती लोड, दिवसा किती तास देता येईल, अडतं नेमकं कुठं. रात्रीचं एक पाणी दिवसावर आलं तरी एक माणूस अंधारातून घरी आला.

आणि एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात पुन्हा शाळेच्या भिंती रंगवण्याऐवजी एक गाव मोजूया. किती घरी शेळ्या, किती गोठ्यांना दार, किती माणसं रात्री दारं धरतात, उकिरड्यावर कुत्री किती. वही-पेन पुरेल. अकोल्यातला अभ्यास असाच जमिनीवर चालून झालाय.

काही जण म्हणतील, तुला वाघाचा एवढा पुळका का? पुळका नाही. मला आप्पांची काळजी आहे. पिंजऱ्यानं ती मिटली असती तर मीच पिंजरा ओढत नेला असता. पण वीस वर्षांपूर्वी चुकलेलं गणित पुन्हा त्याच पद्धतीनं सोडवून वेगळं उत्तर येईल, असं आपले गणिताचे सर तरी मान्य करतील का?

असो. आता थांबतो. फोन करायची वेळ झाली, आणि या आठवड्यात लाईट रात्रीची आहे.