सांधा चांगला, तर प्रवास चांगला

बासरच्या ज्ञानसरस्वतीच्या मंदिरात लहान मुलांना अक्षराभ्यासासाठी आणण्याची जुनी परंपरा आहे. त्यासाठी दूरदूरची माणसे येथे येतात आणि आता त्यांतील कितीतरी मोटारसायकलवरून येतात. अक्षर गिरवणे ही जशी विद्या, तशीच दोन तारा नीट जोडता येणे हीही विद्याच होय, असे माझे स्पष्ट मत आहे. या दुसऱ्या विद्येची मात्र आपण उपेक्षा करतो.

गेल्या पावसाळ्यात धर्माबादेहून रात्री परतताना आमच्या मोटारसायकलचा पुढचा दिवा एकाएकी विझला. आम्ही थोडक्यात बचावलो. सकाळी उकलून पाहिले, तर जादा दिवे बसवताना कोणी तारा कापून नुसता पीळ घातला होता व वर काळी पट्टी गुंडाळली होती. आत पाणी शिरून तांब्यावर हिरवा कळंक चढला होता.

अशा सांध्याने काय होते, हे गणितानेच पाहावे. १२ व्होल्टवर ६० वॅटच्या दिव्यातून ५ अँपिअर प्रवाह वाहतो. खराब सांध्याचा विरोध केवळ ०.२ ओहम धरला, तरी तेथे सुमारे १ व्होल्ट वाया जातो आणि ५ वॅट उष्णता निर्माण होते. हॅलोजन दिव्याचा प्रकाश तेवढ्याने जवळजवळ चतुर्थांश घटतो. शिवाय १ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशात नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेतोवर जळतच राहतो. म्हणजे सांधा दिवसाही तापत राहतो.

मग कपलर कोणता निवडावा? जो महाग तोच उत्तम, ही समजूत चुकीची आहे. आसनाखाली, कोरड्या जागी, चपट्या पत्तीचा साधा कपलर पुरे. परंतु दिव्याजवळ किंवा चाकाचा चिखल उडतो तेथे रबरी वेष्टणाचा, पाणी न शिरणाराच हवा. त्याची पत्ती तारेतील प्रवाहाहून अधिक भार सोसणारी असावी व त्याला खटका असावा, म्हणजे हादऱ्यांनी तो सुटणार नाही. हँडल वळते तेथे तारेला थोडी ढील द्यावी आणि सांधा शक्यतो टाळावा.

पुष्कळांना वाटते, डाख दिला की काम पक्के झाले. तथापि वितळलेले कथील तारेच्या बारीक धाग्यांत वर चढते, तार तेवढी ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी त्या टोकाशी तुटते. योग्य पकडीने घट्ट दाबून बसवलेला लग अधिक टिकतो, कारण त्यात हवेला व ओलाव्याला वावच उरत नाही. आणि बॅटरीजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज तर हवाच.

हे सारे करायला थोडा वेळ व थोडा पैसा अधिक लागतो, हे मान्य. पण पट्टी गुंडाळून वाचवलेले ते चार पैसे अंधाऱ्या रस्त्यावर कुणाच्या कामी येणार? जो मिस्त्री काळजीपूर्वक सांधा जोडतो, त्याला घाई करू नये आणि त्याच्या श्रमांचे मोल देताना घासाघीसही करू नये. विद्यार्थीमित्रांनो, सुटीत एखाद्या जाणत्या मिस्त्रीजवळ बसून ही कला अवश्य शिका. सरस्वतीच्या गावात हातांची विद्या पोरकी राहू नये.