आपल्या पूर्वजांचा शोध

पणजोबांचे नाव बहुतेक मुलांस सांगता येते. त्यांच्या वडिलांचे नाव विचारले की उत्तर अडते. आणि पणजीचे माहेर कोणते, हा प्रश्न तर पालकांसही निरुत्तर करतो. ज्या घराने आपणांस नाव, भाषा व वळण दिले त्याची हकीकत तीन पिढ्यांत पुसली जावी, ही खेदाची गोष्ट होय.

अमेरिकेचे उदाहरण पाहा. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी तिकडे वसाहत करण्यास गेले आणि त्यांतील सुमारे निम्मे पहिल्याच हिवाळ्यात मरण पावले. उरलेल्यांचे वंशज आज लक्षावधी आहेत. त्यांची १८९७ साली स्थापन झालेली संस्था केवळ सांगोवांगीवरून कोणास वंशज मानीत नाही. जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदींनी प्रत्येक पिढी पुढच्या पिढीशी जोडून दाखवावी लागते.

आपल्याकडे कागदच नाहीत, ही सबब खरी नव्हे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस आलेल्या कुळांची नावे पिढ्यान् पिढ्या लिहिलेली आहेत. गावच्या जुन्या दप्तरात नमुना चौदा म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही असते. १९०३ च्या हक्कनोंदणीच्या कायद्यानंतरच्या फेरफारांत वारसांची नावे सापडतात. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मुलाचे गाव व जन्मतारीख मिळते. यांतील कित्येक जुने लेख मोडीत आहेत, पण मोडी शिकता येते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून असलेच कागद जमविले व १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली. १९२६ साली धुळ्यास त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच १९२७ साली स्थापन झाले. आपल्या खानदेशात हा वारसा असता आपण उदासीन राहावे काय?

तथापि कागद सर्वांस सारखा न्याय देत नाहीत. ज्यास जमीन नव्हती त्याचे नाव फेरफारात नाही. स्त्रियांस बहुतेक वंशावळींत स्थान नाही. १८५७ च्या धामधुमीत सातपुड्यात इंग्रजांशी लढलेला खाज्या नाईक हा भिल्ल पुढारी सरकारी दप्तरात बंडखोर म्हणूनच नोंदला गेला. म्हणून सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपणांस वडीलधाऱ्यांची स्मृती हे कागदाइतकेच मोलाचे साधन आहे. मात्र ती लिहून घेताना कोणी, केव्हा सांगितले हे नमूद करावे, आणि ऐकीव ते ऐकीव म्हणूनच ठेवावे.

कोणी म्हणेल, यातून कुळाचा गर्व वाढेल. वंशावळीत राजेरजवाडे घुसडले तर खचितच वाढेल. परंतु जो प्रामाणिकपणे शोध करील त्यास आपल्या कुळात दुष्काळाने गाव सोडलेला, कर्जाने बुडालेला, परक्याच्या शेतात राबलेला कोणी ना कोणी भेटेलच. असा पूर्वज भेटल्यावर शेजारच्या गरिबास हीन लेखण्यास जीभ वळणार नाही. माझ्या मते शोधाचे खरे फळ हेच होय.

तेव्हा पालकांनी माळ्यावरची जुनी दप्तरे रद्दीत घालू नयेत. आणि विद्यार्थ्यांनो, येत्या सुट्टीत एक कोरी वही घेऊन आजीजवळ बसा. प्रथम तिच्या आईचे नाव लिहा. कागद आणखी काही वर्षे वाट पाहतील. आजीची आठवण मात्र तितकी थांबणार नाही.