दोन षड्ज, एक मैफल

जुगलबंदी हा शब्द अलीकडे इतका स्वस्त झाला आहे कीं, दोन पुढाऱ्यांच्या खडाजंगीसही वर्तमानपत्रें तेंच नांव देतात. वास्तविक जुगलबंदींत एकानें दुसऱ्यास जिंकावयाचें नसतें. त्याच्या स्वरास जागा करून द्यावयाची असते. दूरचित्रवाणीवर अशीं गाणीं रात्रीं उशिरां लागतात व बहुतेक घरें तोंवर निजलेलीं असतात. म्हणून त्यांविषयीं दोन शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेंत १९८८ ते १९९० ह्या काळांत डेव्हिड सॅनबॉर्न ह्या सॅक्सोफोनवादकानें रात्रीं उशिरां असा एक कार्यक्रम चालविला. एरवीं ज्यांची गांठ पडावयाची नाहीं, अशा कलावंतांस प्रेक्षकांसमक्ष एकत्र गावयास-वाजवावयास लावणें हें त्याचें सूत्र होतें. कवि-गायक लेनर्ड कोहेन व जॅझचे थोर वादक सनी रोलिन्स १९८९ सालीं तेथें एकाच गीतांत आले. दोन हंगामांत तो कार्यक्रम आटोपला. पण त्याचें नांव रसिक अजून काढतात.

आपल्याकडे ही दृष्टि नवी नव्हे. पंडित भीमसेन जोशी व बालमुरलीकृष्ण हे एका बैठकींत गाऊं शकले, कारण आपला मालकंस तोच दक्षिणेकडील हिंदोलम्, आणि आपला यमन तोच त्यांचा कल्याणी. नांवें निराळीं, गाण्याची चाल निराळी; परंतु मुळांतील स्वर एकच.

खरी अडचण येते ती स्त्री व पुरुष एकत्र गातात तेव्हां. दोघांच्या गळ्याची पट्टी भिन्न. एकाच षड्जावर गावें तर कोणा तरी एकास ओढाताण सोसावी लागते. पंडित जसराज ह्यांनीं प्राचीन मूर्छनापद्धतीच्या आधारें ह्यावर तोड काढिली, तीच 'जसरंगी'. पुरुषाचा मध्यम हा स्त्रीचा षड्ज मानावयाचा. तो अभोगी गात असतां त्याच्या मध्यमापासून तेच पांच स्वर मोजले, कीं कलावती होतो! घरच्या पेटीवर कोणासही हें पडताळून पाहतां येईल. राग दोन, षड्ज दोन. पण कोणी कोणाची पट्टी मोडीत नाहीं.

आम्हांस वाटतें, ह्या युक्तींत एकत्र कुटुंबास घेण्याजोगें पुष्कळ आहे. लग्नापूर्वीं पांच-सात वर्षें गाणें शिकलेली सून घरांत येते. 'सवड मिळाली कीं गा हो' असें सारेच प्रेमानें म्हणतात, आणि ती सवड कधींच येत नाहीं. पेटी माळ्यावर जाते. तिचा छळ कोणी करीत नाहीं. फक्त घराचा षड्ज एकच, व तो तिचा नव्हे, इतकेंच. मुलांचेंही तसेंच. त्यांचें संगीत वडिलांस कर्कश वाटतें, मग तीं कानांत नळ्या घालून आपापल्या खोलींत बसतात; आणि एका छपराखालीं चार मैफली चालतात, पण श्रोता प्रत्येकीस एकच.

बिद्रीसारख्या गांवीं उशिराची वेळ ही सबब होऊं शकत नाहीं. गळिताच्या हंगामांत दूधगंगा-वेदगंगा साखर कारखाना रात्रंदिवस चालतो. पाळीवरून परतणाऱ्यासाठीं कित्येक घरांत दिवा जळतच असतो. जें गांव साखरेसाठीं जागतें, त्यानें महिन्यांतून एक रात्र सुरांसाठीं जागावें, ही मागणी कांहीं फार नव्हे. शिवाय दरबारी, मालकंस, बागेश्री हे राग रात्रीचेच. ते दिवसा ऐकून त्यांची खरी गोडी कळत नाहीं.

तेव्हां आमची सूचना एवढीच : त्या रात्रीं सर्वांनीं एका खोलींत बसावें, आरंभीं मुलांच्या आवडीचें एक गाणें वडील माणसांनीं नाक न मुरडतां ऐकावें, आणि नंतर माळ्यावरील पेटी खालीं काढावी. मात्र पट्टी कोणती धरावयाची, हें सुनेस विचारावें.