मांडव आपला, माणसे कोणाची?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने केली, त्याने जहाजावरचे लग्न पाहिले नव्हते. सप्टेंबर 2021 मध्ये मुंबईहून कॉर्डेलियाच्या जलसफरी सुरू झाल्या आणि समुद्रावरचे लग्न हा विषय चित्रपटातून उतरून साध्या घरांच्या ओसरीवर आला. आमच्या भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतील मुले पुण्या-मुंबईत नोकरीला आहेत, तेव्हा गुंजण मावळातल्या एखाद्या ओसरीवरही तो निघावा, यात नवल नाही. अशाच एका बैठकीला मी हजर होतो. वाद भाड्यावर झाला नाही; तो अडला एका अटीवर. बाहेरची माणसे चालणार नाहीत!

जहाजावर या अटीला कारण आहे. 1912 साली टायटॅनिक बुडाले तेव्हा सर्वांना पुरतील एवढ्या जीवरक्षक होड्याच तिच्यावर नव्हत्या. त्या धड्यातून 1914 मध्ये सागरी सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. म्हणून जहाजावर माणूस मोजूनच घेतला जातो. आचारी असो की सनईवाला, प्रवाशांच्या वा कर्मचाऱ्यांच्या यादीत नाव नसेल तर तो धक्क्यावरच राहतो. स्वयंपाक जहाजाच्याच मुदपाकखान्यात होतो, कारण एका पातेल्यातले बिघडलेले अन्न भर समुद्रात शेकडो लोकांना आजारी पाडू शकते. आणि उघड्या आगीला तर सर्वसाधारणपणे मज्जावच असतो.

इथेच खरी अडचण येते. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 7 प्रमाणे, ज्यांच्या विधीत सप्तपदी आहे त्यांचे लग्न अग्नीसमोर सातवे पाऊल पडल्यावर पूर्ण होते. अग्नीच नसेल तर पाऊल कशासमोर टाकायचे? बैठकीतल्या एका आजींनी तोड काढली. हळद, देवक आणि सप्तपदी गावच्या मांडवात करा, आणि मग चाळीस माणसे घेऊन जहाजावर मिरवा! मला ही तोड शहाणपणाची वाटली. गावचा आचारी, हलगीवाले, मांडव घालणारी पोरे यांची कामे त्यांच्याकडेच राहिली, आणि जहाजाचा नियमही मोडला नाही. ज्यांना विधीच नकोत, त्यांना 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली आधी नोंदणी करता येते. मात्र त्यासाठी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, हे तारीख ठरवतानाच ध्यानात घ्यावे.

पण हीच अट आता जमिनीवरही आली आहे, आणि माझी तक्रार तिथे आहे. महामार्गालगतच्या कित्येक मंगल कार्यालयांत आचारी त्यांचा, सजावट त्यांची, छायाचित्रकारही त्यांचाच. आपला माणूस आणायचा तर ‘रॉयल्टी’ भरा. इथे ना होड्या मोजायच्या आहेत, ना समुद्र ओलांडायचा आहे. काम न करता पैसे घेण्याचा हा हक्क आला कुठून?

हा हक्क महाराष्ट्राने पूर्वी पाहिलेला आहे. गावच्या जोश्याला न बोलावता कुणी लग्न लावले, तरी तो वतनाच्या जोरावर दक्षिणा मागू शकत असे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने 1873 पासून पुरोहिताविना लग्ने लावली, त्याची झळ या हक्कालाच बसली. आपल्याच जिल्ह्यातल्या ओतूरला 1884 मध्ये अशा लग्नांवरून जोशी कोर्टात गेले. अखेर सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नांतून 1926 मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि न बोलावलेल्या पुरोहिताची दक्षिणा बंद झाली. भोर तेव्हा संस्थान होते, पण त्या कायद्यामागचे तत्त्व आजही सगळीकडे लागू पडावे असेच आहे. ज्याने सेवा केली नाही, त्याला मोल का द्यावे?

कार्यालयवाले म्हणतील, जागा आमची, अटी आमच्या. स्वच्छतेची, सांडपाण्याची, विजेच्या भाराची अट त्यांनी जरूर घालावी. बाहेरच्या आचाऱ्याकडून अनामत रक्कमही घ्यावी. मात्र नुकसान झाले तर कापून घ्यायची अनामत वेगळी आणि आधीच खिशात घालायची रॉयल्टी वेगळी. ही रॉयल्टी आचारी स्वतःच्या पदरचे देत नाही. ती ताटामागे वाढते आणि शेवटी वधूपित्याच्या कर्जात जमा होते. ज्या आचाऱ्याला ती झेपत नाही, त्याचा मात्र उन्हाळ्याचा हंगाम बुडतो.

म्हणून यंदा तारीख धरणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. विसार देण्याआधी अटी लेखी मागा आणि प्रत्येकीपुढे ‘का?’ विचारा. उत्तर जिवाच्या काळजीचे असेल, तर जहाजावरही निमूटपणे पाळा. उत्तर नुसत्या टक्केवारीचे असेल, तर भावकीतल्या चार घरांनी मिळून ती अट काढायला लावा. नाहीच काढली, तर शाळेचे पटांगण आणि देवळापुढची मोकळी जागा आमच्या गावोगावी अजून शिल्लक आहे. उन्हाळ्यात तिथे मांडव घालायला कोणाची रॉयल्टी लागत नाही.