आधी पाडस, मग आई

आज ३ नोव्हेंबर, सेंट ह्युबर्टचा दिवस. बेल्जियमच्या आर्देन टापूत त्याच्याच नावाने ओळखले जाणारे सेंट-ह्युबेर हे गाव आहे. तिथल्या बासिलिकेत आज शिकारी शिंगे फुंकली जातील, शिकारी कुत्र्यांना पाद्री आशीर्वाद देतील आणि मंतरलेला पाव वाटला जाईल. हा पाव पोटात गेला की पिसाळलेल्या कुत्र्याचे विष चढत नाही, अशी पाश्चरची लस येण्यापूर्वी शेकडो वर्षे लोकांची श्रद्धा होती. जर्मनी-ऑस्ट्रियातही या दिवसांत गावोगावच्या चर्चमध्ये हिरव्या कोटांतली मंडळी जमतात आणि ऑर्गनऐवजी शिंगांच्या सुरांवर प्रार्थना होते.

हा ह्युबर्ट लीएजचा बिशप, ७२७ साली वारला. कथा अशी की तरुणपणी तो शिकारीपायी वेडा झाला होता. गुड फ्रायडेला सारे गाव प्रार्थनेत असताना हा रानात घुसला. समोर आलेल्या नर हरणाच्या शिंगांमध्ये त्याला क्रूस दिसला आणि त्याने हत्यार खाली ठेवले. येगरमाइस्टर या जर्मन मद्याच्या बाटलीवर चित्र असते ते याच नराचे. ही कथा मुळात सेंट युस्टेस या दुसऱ्याच संताची. ह्युबर्टच्या नावावर ती चढली तो जाऊन सात शतके उलटल्यावर. शिकार सोडून संत झालेल्या माणसाला शिकाऱ्यांनीच आपला पाठीराखा करावे, यातली विसंगती तिथे कुणाला फारशी टोचत नाही. शिकाऱ्यांचे उत्तर ठरलेले आहे: संताने हात आवरायला शिकवले. उत्तर सोयीचे आहे, यात शंका नाही. पण ते उडवून लावण्याआधी आज युरोपात बंदूक प्रत्यक्षात कोणत्या जनावरावर रोखली जाते आणि कशी, हे पाहायला हवे.

चित्रातला नर असतो भारदस्त लाल हरणाचा. रानात गोळी लागते ती बहुतेक वेळा रो हरणाला. आपल्या सह्याद्रीतल्या भेकराएवढे हे हरीण, वजन वीस-पंचवीस किलो, शेपूट जवळजवळ नाहीच, पाठमोरे पळताना दिसतो तो ढुंगणावरचा पांढरा डाग. घाबरले की भेकरासारखेच भुंकते. एकट्या जर्मनीत दर वर्षी बारा लाखांच्या आसपास रो हरणे मारली जातात, आणि आणखी सुमारे दोन लाख रस्त्यावर गाड्यांखाली जातात. तरीही संख्या घटत नाही. सरंजामी काळात मोठी शिकार राजेरजवाड्यांची आणि किरकोळ शिकार लहानसहान सरदारांची, अशी वाटणी होती. तिच्यात रो हरीण किरकोळीत मोडे. म्हणून त्याच्याभोवतीच्या रीतीभाती राजवाड्यापेक्षा गावाच्या अधिक जवळ राहिल्या.

या रीतींचे पंचांग हरणाच्या शरीरावरच बेतलेले आहे. नराची शिंगे शरदात गळतात, ऐन हिवाळ्यात नवी फुटतात आणि वसंतात त्यांच्यावरची मखमली कातडी झाडांच्या खोडांवर घासून निघते. जर्मनीत नराची शिकार खुली होण्याचा परंपरागत दिवस १ मे. आता काही राज्यांनी तो एप्रिलमध्ये ओढला आहे. स्वीडनमध्ये १६ ऑगस्टच्या पहाटेची शिकारी वर्षभर डोळ्यांत तेल घालून वाट पाहत असतात. जुलैअखेरीस हरणे माजावर येतात आणि सुरू होते पानाची शिकार. शिकारी बीच झाडाचे कोवळे पान तोडतो, दोन्ही अंगठ्यांनी ते ताणून ओठांना लावतो आणि फुंकतो. बारीक, चिरका, काहीसा रडवा ‘फीप’ असा आवाज निघतो. तो मादीच्या हाकेसारखा. दोन-चार हाका, मग पाच-दहा मिनिटे शांतता, मग पुन्हा दोन-चार. उकाड्याच्या भर दुपारी ही युक्ती हमखास चालते म्हणतात. चार महिने माणसाच्या वाऱ्यालाही उभा न राहिलेला नर धावत सुटतो आणि कधी कधी मचाणाच्या अगदी पायथ्याशी येऊन उभा राहतो. बाजारात रबरी आणि लाकडी शिट्ट्या मिळतात, पण नुसत्या पानावर नर बोलावणाऱ्याचा मान आजही वेगळा.

या माजामागे शरीरशास्त्रातली एक अजब गोष्ट दडलेली आहे. मीलन ऑगस्टमध्ये होते, पण शिकार झालेल्या माद्यांच्या पोटात शरदभर गर्भ सापडत नसे. त्यामुळे खरा माज उन्हाळ्यातला की हिवाळ्याच्या तोंडचा, यावर शिकारी आणि पंडित पिढ्यान्पिढ्या भांडले. १८५४ मध्ये थेओडोर बिशोफ या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने कोडे सोडवले: फलित अंडे चार-पाच महिने जवळजवळ न वाढता तसेच पडून राहते, हिवाळ्याच्या मध्याला गर्भाशयात रुजते आणि पिल्ले मे-जूनमध्ये, कोवळे गवत वर आल्यावर, जन्मतात. हिवाळ्यातल्या ज्या मादीची गोष्ट पुढे येणार आहे, तिच्या पोटात हे सारे चाललेले असते.

नर पडला की विधी सुरू होतो. ओक, ओल्डर, पाइन, स्प्रूस आणि फर या पाचांपैकी एका झाडाची डहाळी, सुरीने कापून नव्हे, हाताने मोडून घ्यायची. जनावराला उजव्या कुशीवर निजवायचे. एक डहाळी त्याच्या तोंडात, हा शेवटचा घास. दुसरी अंगावर: नर असेल तर मोडलेले टोक डोक्याकडे, मादी असेल तर शेंडा डोक्याकडे. तिसरी रक्ताचा स्पर्श करून, टोपीवर किंवा सुरीच्या पात्यावर ठेवून, शिकाऱ्याला द्यायची. ती तो टोपीच्या उजव्या बाजूला खोवतो. जखमी जनावर कुत्र्याने माग काढून शोधले असेल तर आपल्या डहाळीतला तुकडा मोडून शिकारी कुत्रा सांभाळणाऱ्याला देतो आणि तो तुकडा कुत्र्याच्या गळपट्ट्यात खोवला जातो. मारलेल्या जनावराला ओलांडून कुणी जायचे नाही. हाका झाला असेल तर संध्याकाळी सारी शिकार ओळीने मांडून प्रत्येक जातीसाठी वेगळा सूर शिंगावर वाजवायचा. रो हरणासाठीही त्याचा स्वतःचा सूर आहे.

हे सगळे पाहून भारावून जाणारे पुष्कळ, नाटकी म्हणून नाक मुरडणारेही पुष्कळ. परंपरा अनादि आहे असे मात्र कुणी सांगू नये. १८४८ च्या क्रांतीने जमीनदारांचे दुसऱ्याच्या शेतात शिकार करण्याचे हक्क मोडून काढले आणि ज्याची जमीन त्याची शिकार हे तत्त्व आले. मग शिकारीचा कागदोपत्री आखलेला संसार उभा राहिला: किमान पंच्याहत्तर हेक्टर सलग जमीन असेल तर स्वतःचे शिकारक्षेत्र, नसेल तर गावातल्या इतर जमीनमालकांबरोबर सक्तीने एकत्र. वर्षाला किती मारायचे याचा आराखडा आणि मारलेल्या नरांची शिंगे दर वर्षी प्रदर्शनात मांडण्याची सक्ती देशभर लागू झाली ती १९३४ च्या नाझी कायद्याने, ज्याचा कर्ताधर्ता खुद्द गोरिंग होता. युद्धानंतर १९५२ च्या शिकार कायद्याने त्यातले बरेच काही उचलले. डहाळी जुनी असेल, पण तिच्याभोवतीचे वहीखाते बरेच अलीकडचे आहे.

आणि या वहीखात्याच्या केंद्रस्थानी होती शिंगे. उकळून स्वच्छ केलेली कवटी, ओकच्या फळीवर ठोकलेली, मागे तारीख आणि रानाचे नाव. पिढ्यान्पिढ्या शिकाऱ्यांना शिकवले गेले की खुरट्या शिंगांचे नर टिपावेत, भरदार शिंगांचे वाढू द्यावेत, म्हणजे वंश सुधारतो. पण इथेच घोडे पेंड खाते. रो हरणाची शिंगे रक्तापेक्षा पोटावर अवलंबून असतात. हिवाळ्यात काय आणि किती खायला मिळाले यावर ती ठरतात. १९७० च्या दशकात बव्हेरियाचे ड्यूक आल्ब्रेश्ट यांनी ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतातल्या डोंगराळ रानात वर्षानुवर्षे खुराक घालून नोंदी ठेवल्या आणि शिंगे कशी फुगतात ते दाखवले. त्याहून मोठा दणका डेन्मार्कने आधीच दिला होता. १९५० मध्ये कालो इथल्या रानातली झाडून सारी रो हरणे मारून मोजायचे ठरले. रान तळहातासारखे ठाऊक असलेल्यांचा अंदाज होता सुमारे सत्तर. निघाली २१३. ज्यांना सत्तर आणि दोनशे यांतला फरक कळत नव्हता, ते एकेका नराच्या शिंगांवरून वंश सुधारायला निघाले होते.

म्हणून आज जर्मनीत खरी खडाजंगी नरावरून नाहीच. ती आहे मादी आणि पाडसांवरून. लांडगा आणि लिंक्स एकोणिसाव्या शतकातच मध्य युरोपातून जवळजवळ संपवले गेले. जंगलाच्या कडेला शेते आणि कुरणे, म्हणजे रो हरणाला सुगीच. २०१८ ते २०२० ही लागोपाठ तीन वर्षे कोरडी गेली, मागोमाग खोड पोखरणारे भुंगे आले आणि सुमारे पाच लाख हेक्टर जंगल झडले. आता ओक, फर, बीच अशी मिश्र रोपे लावायची आहेत, आणि रो हरणाला नेमके तेच कोवळे शेंडे आवडतात. वनखाते म्हणते, आधी जंगल, मग जनावर, मारा आणखी. शिकारी संघटना म्हणतात, तुम्ही आम्हाला कीटकनाशक समजता. आमच्या मते दोघांचेही अर्धे खरे आहे. पण संख्या कमी करायची तर नर मारून काही साधत नाही. मारावी लागते ती मादी. तिची शिकार साधारण सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत चालते. इंग्लंडमध्ये ती १ नोव्हेंबरला खुली होते. भिंतीवर टांगण्यासारखे तिच्यापाशी काही नसते.

ह्युबर्टच्या दिवसानंतरच्या या थंड आठवड्यांत शिकाऱ्याला एक नियम पाळावा लागतो. तो ऐकून आपल्याकडच्या माणसाच्या अंगावर काटा येईल. मादी पाडसाबरोबर दिसली तर आधी पाडस मारायचे, मग आई. पाडसे दोन असतील, आणि रो हरणाला बहुधा जुळीच होतात, तर आधी दोन्ही पाडसे. आई आधी पडली तर पाडस एकटे रानात उरते आणि हिवाळ्यात उपासमारीने, थंडीने झुरते. पिलू स्वतंत्र होईपर्यंत त्याला वाढवणाऱ्या आईवर बार काढणे जर्मन कायद्याने गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैदेचा. पण नोव्हेंबरात पिलू चरू लागलेले असते, तेव्हा कायद्याची पकड सैल पडते. तिथून पुढे माणसाचा हात आवरते ती केवळ रीत. शिंग, प्रार्थना, रक्तात भिजवलेली डहाळी या सगळ्यापेक्षा आम्हाला ही रीत अधिक मोलाची वाटते. तिच्यात मिरवण्यासारखे काही नाही, आणि ती पाळताना कुणी बघत नसते.

याच संदर्भात एक प्रसिद्ध हरीण आठवते. डिस्नेच्या चित्रपटाने १९४२ मध्ये घराघरात नेलेला बांबी. अमेरिकन प्रेक्षकांसाठी डिस्नेने त्याला तिकडचे पांढऱ्या शेपटीचे हरीण केले. १९२३ च्या मूळ ऑस्ट्रियन कादंबरीत तो रो हरणाचे पाडस आहे. लेखक फेलिक्स साल्टन स्वतः शिकारी होता. हिवाळ्यातल्या हाक्यात बांबीची आई मारली जाते आणि पाडस मागे उरते. म्हणजे आजच्या रीतीने पाहिले तर बांबीच्या आईवर बार काढणाऱ्याने क्रम चुकवला. साऱ्या जगाला रडवणारा प्रसंग त्या चुकलेल्या क्रमावर उभा आहे. नाझींनी हे पुस्तक १९३६ मध्ये बंदी घालून दूर केले, शिंगांची प्रदर्शने मात्र जोरात चालू ठेवली.

विरोधकांची बाजूही हलकी नाही. जिनिव्हा प्रांताने १९७४ मध्ये जनमत घेऊन खासगी शिकार बंद केली. तिथे गरज पडली तर सरकारी रक्षक गोळी घालतात, डहाळीशिवाय. आपल्या जमिनीवर शिकार नको म्हणणाऱ्या एका जर्मन जमीनमालकाला २०१२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने न्याय दिला आणि सक्तीच्या एकत्रीकरणातून बाहेर पडायची वाट कायद्यात करावी लागली. २००० पासून लांडग्याचीही जर्मनीत पुन्हा वीण होते आहे आणि त्याच्या ताटात सर्वांत मोठा वाटा रो हरणाचाच असतो. लांडगा काही आधी पाडस, मग आई असा क्रम पाळत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा सगळा प्रश्नच दाराबाहेर ठेवला. विदर्भातल्या शेतकऱ्याचे पीक रोही (नीलगाई) आणि रानडुकरे तुडवतात तेव्हा तो प्रश्न पुन्हा दारावर धडका देतो, आणि तेव्हा आपल्याकडे ना डहाळी असते ना क्रम, असते ती नुकसानभरपाईची फाइल. तिकडचे इकडे आणावे असे कुणीच म्हणणार नाही.

तिकडच्या वादाचे पुढचे पाऊल मात्र लक्षात घेण्यासारखे आहे. मे-जूनमध्ये गवतकापणीच्या यंत्रापुढे गवतात दबून बसलेली पाडसे उष्णता टिपणारे ड्रोन उडवून पहाटे शोधणारे आणि टोपलीत घालून बाजूला नेणारे पुष्कळदा हेच शिकारी असतात. त्यांतल्याच कुणाला नोव्हेंबरात त्याच पाडसावर नेम धरायचा असतो. मचाणावर एकटा बसलेला शिकारी क्रम पाळू शकतो; त्याला वेळ असतो. पण वनखात्याला आकडा लवकर गाठायचा आहे, म्हणून हाके वाढत आहेत. कुत्री सुटतात, पाडसे आईपासून तुटतात, मादी एकटीच उघड्यावर धावत येते आणि ठरवायला दोन-तीन सेकंद मिळतात. हाके लावायचेच असतील, तर एकटी आलेली मादी सोडून द्यावी हा हुकूम सकाळीच, बंदुका भरण्याआधी, मोठ्याने वाचून दाखवायला हवा. आणि त्यापायी आकडा कमी भरला तर तो भरू द्यावा.