घरातला पडदा : काय पाहावे, कशासाठी पाहावे

ठाण्याच्या वागळे इस्टेटच्या अंगाला लोकमान्यनगर आणि सावरकरनगर या दोन वस्त्या आहेत. रिक्षावाल्यांच्या, भाजीवाल्यांच्या, शाळकरी मुलांच्या तोंडी ही नावे दिवसातून कितीदा तरी येतात. पण सावरकरनगरात वाढणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला सावरकर किती ठाऊक असतात? पाठ्यपुस्तकातला एखादा परिच्छेद आणि जयंतीच्या दिवशी चौकात लागणारा फलक, एवढेच बहुधा. त्याच मुलाला परदेशी मालिकेतील काल्पनिक राजघराण्यांची वंशावळ मात्र तोंडपाठ असते. दोष मुलाचा नाही. त्याच्या हाती जे दिले गेले, ते त्याने पाहिले.

वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या आरंभकाळातील वसाहत. रोड नंबर १६, रोड नंबर २२ अशा आकड्यांनीच ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यांवर कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी पाळ्या केल्या, किसननगर-श्रीनगरच्या लहान खोल्यांत संसार उभे केले. पुढे अनेक कारखाने बंद पडले. त्यांच्या जागी संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि निवासी मनोरे आले. चाळीत एकाच घरी दूरचित्रवाणी संच असे आणि रविवारी सकाळी ‘रामायण’ पाहायला सारा मजला त्या घरी लोटे, तो काळ १९८७-८८चा. आज घरातील चार माणसांच्या हाती चार पडदे आहेत. आजोबा बातम्यांच्या कलकलाटात, सूनबाई मालिकेत, मुलगा कानात बोंडे घालून भलत्याच जगात. घर एक आणि पाहणे चार ठिकाणी, अशी ही अवस्था.

संघशताब्दीच्या निमित्ताने पुढे आलेल्या ‘पंच परिवर्तना’त कुटुंब प्रबोधन हा एक विषय आहे. आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र जेवावे, बोलावे, हा त्यातला आग्रह. त्या जेवणानंतरचे दोन तास सर्वांनी मिळून एखादा चांगला चित्रपट पाहावा, असे सुचवले की लगेच प्रश्न येतो : पाहायचे तरी काय? ‘आजकाल काही चांगले निघतच नाही’ ही तक्रार करणे सोपे आहे. ती खरी नाही.

सावरकरनगरचा विषय निघालाच आहे, तर आरंभ तेथूनच करावा. २००१च्या नोव्हेंबरात प्रदर्शित झालेला ‘वीर सावरकर’ हा चित्रपट सुधीर फडके यांच्या ध्यासातून निर्माण झाला. १९५४च्या दादरा-नगरहवेली मुक्तिसंग्रामात उतरलेले बाबूजी उतारवयात या एकाच कामासाठी वणवण हिंडले. पैसा लोकांचा होता. सामान्य माणसांनी दिलेल्या देणग्यांतून हा चित्रपट उभा राहिला. वेद राही यांनी दिग्दर्शन केले, शैलेंद्र गौर यांनी सावरकर साकारले. चित्रपट पडद्यावर आला आणि पुढच्याच वर्षी, २९ जुलै २००२ रोजी, बाबूजी गेले.

हा चित्रपट निर्दोष नाही. पैशाची चणचण काही दृश्यांत लपत नाही, संवाद कधी कधी व्याख्यानाच्या वाटेला लागतात. परंतु अंदमानातील सेल्युलर जेल, तो कोलू, त्या एकांतकोठडीतले दिवस हे सारे दाखवताना त्यात आरडाओरडा नाही. संयमाने सांगितल्यामुळेच ते मनाला भिडते. २०२४ साली रणदीप हुडा यांनी दिग्दर्शित केलेला व स्वतः भूमिका केलेला ‘स्वातंत्र्यवीर सावरकर’ आला. छायाचित्रण आणि अभिनय या दोन्हींत तो सरस आहे. त्या भूमिकेसाठी नटाने शरीर किती झिजवले, ते पाहताना थक्क व्हायला होते. मात्र विरोधकांशी वाद घालण्याच्या भरात इतर नेत्यांची चित्रे त्यात उथळ झाली आहेत, आणि छळाची दृश्ये लहान मुलांना सोसवणारी नाहीत. आधी बाबूजींचा चित्रपट सहकुटुंब पाहावा, दुसरा मुले मोठी झाल्यावर. बाबूजींच्या जीवनावरचा ‘स्वरगंधर्व सुधीर फडके’ हाही २०२४चाच. तो सोबत पाहिला तर गायकाच्या गळ्यामागचा कार्यकर्ता दिसतो. लोकमान्यनगरसाठी २०१५चा ओम राऊत यांचा ‘लोकमान्य : एक युगपुरुष’ आहे. सुबोध भावे यांचे टिळक त्यात उभे राहतात. आजच्या काळातील पत्रकाराचे जे उपकथानक जोडले आहे, ते मात्र रेंगाळते.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. विषय आपला आहे म्हणून चित्रपट चांगला ठरत नाही. गेल्या काही वर्षांत शिवकालावर चित्रपटांची रीघ लागली. ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९) आणि ‘पावनखिंड’ (२०२२) या दिग्पाल लांजेकर यांच्या चित्रपटांमागची तळमळ खरी आहे. बहिर्जी नाईकांच्या हेरगिरीसारखे दुर्लक्षित अंग त्यांनी पुढे आणले, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण संथ गतीने उडणारे रक्त आणि दर पाच मिनिटांनी येणारी गर्जना यांनाच मुले इतिहास समजू लागली, तर लाभ कोणाचा? २०२०च्या ‘तान्हाजी’ने देशभर गर्दी खेचली; कोंढाण्याच्या प्रसंगात मात्र त्याने कल्पनेला मोकळे रान दिले. असा चित्रपट पाहिल्यावर घरातील कोणीतरी सभासदाच्या बखरीतील तो मजकूर मोठ्याने वाचावा. मुले लगेच विचारतात, ‘मग पिक्चरमध्ये वेगळे का दाखवले?’ या प्रश्नाचे मोल त्या चित्रपटाहून अधिक आहे.

ज्यांना गर्जनेविना इतिहास पाहायचा आहे, त्यांनी प्रभातचा ‘रामशास्त्री’ (१९४४) काढावा. नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा न्याय करताना थेट राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश गजानन जागीरदारांनी असा साकारला आहे की, ऐंशी वर्षांनंतरही अंगावर काटा येतो. सत्ता परक्यांची असताना निर्भीड बोलणे वेगळे आणि ती आपल्याच माणसांची असताना बोलणे वेगळे. कार्यकर्त्यांनी हा चित्रपट आज तर अवश्य पाहावा.

प्रभातच्याच ‘संत तुकाराम’ची (१९३६) ओळख करून देण्याची गरज नसावी, पण तो खरोखर पाहिलेले किती निघतील? १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला. दामले-फत्तेलाल यांनी चमत्कार दाखवले, तरी चित्रपटाचा प्राण त्यांत नाही. संसाराच्या ओढाताणीत चिडणारी, बोलणारी आणि तरीही नवऱ्याच्या मागे डोंगरावर भाकरी घेऊन जाणारी गौरी यांची आवली, हा त्याचा प्राण. पागनीसांच्या तुकोबांइतकीच तीही भक्तच आहे, हे सांगावे लागत नाही, दिसते.

वागळे इस्टेटच्या जुन्या कामगाराला सर्वांत जवळचा वाटेल तो भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ (१९६५). खेड्यातील लोहार दांपत्य. भाता, ऐरण आणि घाम हे त्यांचे जग. शहराचे आमिष येते आणि त्या साधेपणाची कसोटी लागते. लोखंडाशी आयुष्य झुंजलेल्या आजोबांना नातवंडांपुढे आपल्या कामाविषयी बोलायला याहून चांगले निमित्त मिळणार नाही. एरवी त्यांना कोणी विचारतही नाही की यंत्रावर ते नेमके काय करीत होते. संगीत ‘आनंदघन’ यांचे, म्हणजे लतादीदींचे. भालजींचा कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ गांधीहत्येनंतर १९४८मध्ये उसळलेल्या जाळपोळीत भस्मसात झाला होता. त्या राखेतून उठलेल्या माणसाने सूडाचा चित्रपट काढला नाही. ‘साधी माणसं’ काढला.

आता शेजारच्या डोंबिवलीकडे. निशिकांत कामत यांच्या ‘डोंबिवली फास्ट’ने (२००५) सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. रोज लोकलने जाणारा, नियमाने चालणारा बँकेतला माधव आपटे एके दिवशी फुटतो आणि हातात बॅट घेऊन अन्यायाशी भिडतो. संदीप कुलकर्णी यांचे काम अप्रतिम. ठाणे-कल्याण पट्ट्यातील प्रत्येक मध्यमवर्गीय त्यात स्वतःला पाहतो, म्हणूनच त्यावर घरात चर्चा व्हायला हवी. आपटेचा संताप खरा आहे, पण तो एकटा आहे. ना शेजारी, ना मित्र, ना संघटना. त्याचा शेवट ठरलेलाच. मुलांना बॅट आवडेल. तिच्यामागचे एकटेपण मोठ्यांनी दाखवून द्यावे.

मालिकांची गोष्ट निराळी. सायंकाळी सातपासून साडेदहापर्यंत चालणारा, दागिन्यांनी मढलेल्या स्त्रियांच्या कटकारस्थानांचा रतीब बंद करा, असे सांगून कोणी बंद करीत नाही. पर्याय द्यावा लागतो. डॉ. चंद्रप्रकाश द्विवेदी यांची १९९१ची ‘चाणक्य’ आजही अवघड वाटते, तिची संस्कृतप्रचुर हिंदी पहिल्या दोन भागांत दमवते. तिसऱ्या भागापासून कान सरावतो. त्यांचीच ‘उपनिषद गंगा’ (२०१२) नचिकेत, याज्ञवल्क्य यांच्या कथा नाट्यरूपात मांडते. हलकेफुलके हवे असेल तर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आहे. २००१पासून चाललेल्या या मालिकेत एका छपराखाली तीन पिढ्या भांडतात, हसतात आणि कोणीही कोणाला विष घालीत नाही! दिलीप प्रभावळकरांचे आबा पाहून आपल्या घरातल्या आबांकडे मुलांचे लक्ष गेले, तर तेवढे पुरे. आणि वागळे इस्टेटात राहून १९८८ची ‘वागळे की दुनिया’ न पाहणे तर शोभतच नाही. आर. के. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस, कुंदन शाह यांचे दिग्दर्शन, अंजन श्रीवास्तव व भारती आचरेकर यांची जोडी. मासिक पगारात भागवणाऱ्या घराची अब्रू तिने हसत हसत जपली.

दूरदर्शनच्या जुन्या मालिका शोधताना पूर्वी नाकी नऊ येत. नोव्हेंबर २०२४मध्ये प्रसारभारतीने ‘वेव्हज’ हे स्वतःचे व्यासपीठ सुरू केल्यापासून ‘रामायण’, ‘महाभारत’ यांसारख्या मालिका फोनवर आल्या आहेत. फोनवरचे चित्र मोठ्या संचावर कसे आणावे, हे घरातल्या मुलालाच विचारावे. त्या निमित्ताने तोही बाहेरच्या खोलीत येतो. ‘काळे-पांढरे आहे, नको’ हा त्याचा पहिला आक्षेप असेल. अशा वेळी हट्ट न धरता परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) लावावा. दादासाहेब फाळक्यांनी १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ कसा घडवला, याची ती रंगीत, खट्याळ कथा आहे. घरातील भांडीकुंडी विकणारा बाप आणि त्याच्या खटाटोपात आनंदाने सामील झालेली बायको-मुले पाहून झाली की, मूळ ‘राजा हरिश्चंद्र’चा जो थोडा भाग आज शिल्लक आहे, तो पाहायला मूल स्वतःच मागते. तो मूक आहे आणि काळा-पांढराही.